पुढच्या खेपेपर्यंत

आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासना संपली तरी कोणी घरी जात नाही. महिला मंडळ चहा ठेवतं, नाताळच्या उरलेल्या करंज्या आणि शेव संपवण्याची ती शेवटची संधी असते, आणि मग एक स्टीलचा डबा फिरतो. प्रत्येकानं कागदाच्या तुकड्यावर आपलं नाव आणि या वर्षाचा एक संकल्प लिहायचा, घडी घालून डब्यात टाकायचा. मग डबा हलवून प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची. ज्याची चिठ्ठी हाती येईल त्याच्यासाठी वर्षभर प्रार्थना करायची, आणि महिन्यातून एकदा विचारायचं, "काय, कसं चाललंय?"

प्रार्थना करतात याबद्दल मला शंका नाही. पण विचारतात फार.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. दिवसभर डोळ्यांसमोर टार्गेटचा बोर्ड असतो, जमलं तर हिरवा ठिपका, हुकलं तर लाल. त्यामुळे संकल्प म्हटलं की तो बोर्ड माझ्या अंगातच येतो. एका वर्षी मी लिहिलं, 'दहा किलो वजन कमी करणं, कारण शरीर हे प्रभूचं मंदिर.' चिठ्ठी गायन मंडळातल्या एका धिप्पाड गृहस्थांच्या हाती गेली. ते दर महिन्याला मोठ्या मायेनं चौकशी करायचे, आणि चौकशीसाठी भज्यांच्या गाडीपाशीच भेटायचे. डिसेंबरपर्यंत मंदिरावर दोन मजले चढले. पुढच्या वर्षी ठरवलं, वर्षभरात अख्खं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचं. रोज तीन अध्याय. जानेवारी झकास गेला. फेब्रुवारीत निवासमंडपाच्या, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूच्या, मापांपाशी आलो. इतके हात लांब, इतके हात रुंद, इतक्या कड्या, इतके पडदे. मापं घेऊन घेऊन पोट भरणारा मी, पण तिथं अडकलो तो अडकलोच. तिसऱ्या वर्षीचा संकल्प होता, रागावणार नाही. तो क्रांती चौकाच्या सिग्नलला संपला. चर्चमधून घरी येतानाच. करंजीची चव अजून तोंडात होती.

"पप्पा," आमची कन्या म्हणाली, "तुमच्या संकल्पांवर दुधाच्या पिशवीसारखी तारीख छापायला पाहिजे."

या वर्षी मी शहाणा झालो. मोजताच येणार नाही असं काहीतरी लिहायचं. मी लिहिलं, 'प्रभूच्या कामाला अधिक वेळ देणं.' अधिक! काय सुंदर शब्द आहे. पाच मिनिटंसुद्धा अधिकच की. ना हिरवा ठिपका, ना लाल.

माझी चिठ्ठी निघाली नेमकी मामांच्या हाती.

मामा म्हणजे माझे सासरे. वय शहात्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सोमवारी सकाळी सात वाजता ते आले, खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि खिशातून चिठ्ठी काढली.

"जावईबापू, अधिक म्हणजे किती?"

"म्हणजे मामा... आत्ता देतो त्यापेक्षा जास्त."

"आत्ता किती देता?"

मी बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते.

"अधिकच्या चिन्हापुढे आकडा लागतो," मामा म्हणाले. "तुम्ही चिन्ह काढून पेपर देऊन टाकलाय. हा घ्या परत. सावकाश भरा." आणि चहा पिऊन गेले.

मला चिठ्ठी कुठं ठेवावी कळेना. शेवटी फ्रिजवर ठेवली. तिथं ठेवलेली गोष्ट आमच्या घरात कोणी विचारत नाही.

मामांच्या वेळेचा हिशेब मात्र सगळ्या मंडळीला ठाऊक होता. गेली सव्वीस वर्षं ते एक रविवार आड दुपारी पिशोरच्या पुढं एका वस्तीवर जायचे. एसटीनं पिशोर, तिथून मिळेल त्या जीपनं फाटा, आणि पुढं अद्रकाच्या शेतांतून पायी. तिथं आपली पाच ख्रिस्ती घरं आहेत. एकाच्या घराला लागून पत्र्याची एक खोली आहे, तिथं ती सगळी उपासनेला जमतात. पूर्वी नऊ घरं होती. मध्यंतरी मामांच्या आजारपणामुळे काही महिने खंड पडला आणि जमणंच थांबलं. ते परत सुरू होईपर्यंत चार घरं गळाली. कोणाशी भांडण नाही, तंटा नाही, नुसती गळाली. मामांना ते फार लागलं होतं. तेव्हापासून ते घरातल्या लग्नालासुद्धा 'तारीख कोणत्या रविवारची?' हे आधी विचारायचे.

आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मामा एसटीच्या पायरीवरून घसरले. हाड वाचलं, गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने प्रवास बंद.

चर्चच्या पंचांची सभा झाली. मीही पंचांत आहे, मुख्यतः माना डोलावण्यासाठी. विचार असा निघाला, की त्या पाच घरांना कन्नडच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, जोडून द्यावं. कागदावर ते चांगलंच दिसत होतं. फक्त रविवारी संध्याकाळी कन्नडहून त्यांच्या फाट्यापर्यंत परत यायला काही मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांनी आणि लेकुरवाळ्या बायकांनी जायचं कसं, हे कागदावर दिसत नव्हतं. ठरलं असं की ईस्टरपर्यंत बघू. तोवर कोणी नेमानं जाणारं मिळालं तर ठीक, नाहीतर जोडून टाकू.

मी हे मामांना सांगायला गेलो. ते पाय उशीवर ठेवून पडले होते. सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "बरं."

एवढंच. मास्तर माणूस, बोलायला लागला की घंटा होईपर्यंत थांबत नाही, आणि नुसतं 'बरं'.

"मी जातो की," कोणीतरी म्हणालं. मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"गुडघा बरा होईपर्यंतच हं," मी घाईघाईनं जोडलं.

पहिल्या खेपेची तयारी मी कारखान्याच्या पद्धतीनं केली. विषय, 'टिकाऊ ध्येयाच्या पाच पायऱ्या'. टाईप करून पंधरा प्रती काढल्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या. बायको म्हणाली, "अहो, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही." मी म्हणालो, "मग निम्म्यांना तरी येतं ना?"

खोलीत अकरा माणसं जमली होती, लेकरं वेगळी. माझ्यासाठी गावातून खुर्ची मागवलेली. मास्तरांचा जावई म्हणजे वस्तीचा जावई, त्याला खाली कसं बसवायचं? आधी चहा, मग शेंगदाण्याचा लाडू, मग पुन्हा चहा. मी सुरुवात शास्त्रातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यानं केली. शेतकरी माणसांसमोर शेतीचं उदाहरण द्यावं, असं कुठंतरी वाचलं होतं.

"शेतकरी बी पेरतो," मी हात पसरून म्हणालो, "आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कोंब फुटतो. तसंच आपल्या ध्येयाचं..."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जावयाला तोंडावर चूक सांगायची नसते, त्यामुळे सगळ्या पदर तोंडाला लावून बसल्या. शेवटी पुढं बसलेल्या एका मावशींना राहवलं नाही. सत्तरीच्या असतील. ती खोली त्यांच्याच घराची.

"जावईबापू, तुमच्या संभाजीनगरात दुसऱ्या दिशी उगवत आसंल. हितं आठ-आठ दिस वाट बघावं लागतंय. आन् अद्रक तर महिना घेती."

खोली फुटल्यासारखी हसली. मी दुसऱ्या पायरीवर गेलो. तिथं मावशींनी मला हातानंच थांबवलं.

"लई ग्वाड बोलता तुमी. पण ते कागद जरा ठिवा बाजूला. मास्तर आधी इचारायचे."

"काय विचारायचे?"

"मागल्या खेपंला काय बोललो व्हतो, ते."

मग मला कळलं. मामांनी तिथं सव्वीस वर्षं एक साधी रीत चालवली होती. प्रार्थनेनंतर प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, प्रभूला आवडेल अशी, कोणा एका माणसाशी संबंध असलेली, आणि फक्त पुढच्या खेपेपर्यंतची. वर्षाची नाही, जन्माची नाही. पंधरा दिवसांची. पुढच्या वेळी आल्यावर आधी तिचं काय झालं ते सांगायचं, मग शास्त्रवाचन. सव्वीस वर्षं या माणसानं माझ्यासमोर अक्षर काढलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा. मला वाटायचं, जातात, दोन गाणी म्हणतात, लाडू खातात आणि येतात.

एक बाप्या उठला. "जेवताना मोबाईल बघायचा नाय म्हणलो व्हतो. सहा दिस जमलं. सातव्या दिशी मॅच व्हती."

एक तरणी बाई म्हणाली, "जावंला कालवणाची वाटी न्हेऊन देईन म्हणलं व्हतं. दोन वर्सं बोलत नाय ती. न्हेली. घेतली तिनं. पण वाटी काय परत दिली नाय."

"मग लई झ्याक झालं की," मावशी म्हणाल्या. "आता वाटी मागायला जाता येतंय."

मग मावशींची पाळी. शेजारी त्यांची सून बसली होती. "माझं तेच. सुनंच्या कालवणातल्या मिठावर बोलायचं नाय."

"किती दिवसांपासून आहे हे?" मी विचारलं.

"सोळा वर्सं. लगीन होऊन आली तवापासनं."

"म्हणजे सोळा वर्षं जमलं नाही?" माझ्यातल्या क्वालिटीवाल्याला लाल ठिपक्यांची लांबच लांब रांग दिसायला लागली.

"जमतंय की. दोन दिस जमतंय, तिसऱ्या दिशी तोंडातनं निसटतंय. मंग प्रभूला म्हणते, चुकलं बाबा, आन् परत धरते. धरलेलं सोडलं नाय सोळा वर्सात."

सून खाली मान घालून हसत होती. म्हणाली, "पयल्यासारखं नाय आता. पयलं रोज बोलायच्या. आता म्हयन्यातनं दोन-तीनदा."

मी फोल्डर बंद केला. माझ्या पाच पायऱ्यांपैकी चौथी होती 'सातत्य'. तिच्यावर मी पाऊण पान लिहिलं होतं.

"आता तुमचं सांगा, जावईबापू."

"माझं? मी... रोज पहाटे चारला उठून एक तास..."

"रोज नगं. पुढल्या खेपंपतूर सांगा. आन् चारला उठून कुणाचं भलं? घरच्यांची झोपमोड. माणूस कोण हाय त्यात?"

अकरा जणं माझ्याकडे बघत होती. आता खोटं बोलायला जागा नव्हती, आणि खरं बोलायला लाज वाटत होती. शेवटी सांगून टाकलं. सकाळी निघताना मला गाडीची चावी सापडत नाही आणि मी बायकोवर ओरडतो. चावी नेहमी माझ्याच कालच्या पॅन्टमध्ये असते. ओरडून झाल्यावर सापडते.

"हां," मावशी म्हणाल्या. "हे बराबर हाय."

घरी आल्यावर आधी मामांकडे गेलो. वाटलं होतं, प्रवचन कसं झालं ते विचारतील. त्यांनी विचारलं, "वाटी नेली का तिनं?" मी सांगितलं, नेली, पण परत आली नाही. मामा उशीवरून अर्धे उठून बसले. "अरे वा!" त्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा रंग आला. मग एकेकाची चौकशी. मी काय बोललो याचा एक शब्द नाही.

दुसऱ्या खेपेला मी मोठ्या ऐटीत गेलो. "पंधरा दिवस एकदाही ओरडलो नाही," मी जाहीर केलं.

कोणी हालेलुया म्हणालं नाही. मावशींनी मोबाईल पुढं केला. "वैनींचा नंबर लावा."

"कशाला?"

"इचारतो की. मास्तरांची लेक हाय ती. खोटं नाय बोलायची."

फोन लागला. स्पीकर लावला. "वैनी, सलाम. आमी वस्तीवरनं बोलतोय. सायेब चावीपायी वरडले का?"

 पलीकडून बायकोचा आवाज आला, अगदी गोड. "नाही हो मावशी, चावीसाठी नाही ओरडले. मंगळवारी मोज्यांसाठी ओरडले."

पत्र्यावर पोरांनी दगड टाकावेत तसा हशा झाला. मी खुर्चीत बसल्या बसल्या लहान होत गेलो. हसू ओसरल्यावर मावशी म्हणाल्या, "मंग परत तेच धरा. मोजे बी घ्या त्यात." आणि अगदी सहज, मीठमोहरी मागावी तसं, प्रार्थनेत माझं नाव घेतलं. माझ्यासाठी आजवर बऱ्याच जणांनी प्रार्थना केली आहे, बढतीसाठी, साखरेसाठी, घराच्या कर्जासाठी. मोज्यांसाठी ही पहिलीच. आमेन म्हणताना मला ठसका लागला. लाडू अडकला असंच मी सगळ्यांना सांगितलं.

खेपा होत गेल्या. वाटी परत आली, आणि रिकामी नाही, तिच्यात शेंगदाण्याची चटणी होती. ते ऐकून मामांनी दुखऱ्या पायानं पलंगावर ठेका धरला. खुर्ची कधी बंद झाली आणि मी खाली कधी बसायला लागलो, ते माझ्या लक्षात आलं नाही.

आणि मग मार्चमध्ये मी माती खाल्ली. कारखान्यात मोठ्या गिऱ्हाईकाचं ऑडिट आलं, रविवारीसुद्धा कामावर. मी वस्तीवर निरोप पाठवला, या खेपेला येणं होत नाही. ईस्टर तीन आठवड्यांवर. पंचांतले एक जण म्हणालेच, "बघा, खंड पडायला लागला. एकदा पडला की पडतच जातो." ते चुकीचं बोलत नव्हते, मागच्या वेळी तसंच झालं होतं.  मामा म्हणाले, ऑडिट महत्त्वाचं. पण त्या दिवशी बायको त्यांना जेवणाचा डबा घेऊन गेली तो तसाच परत आला. रात्रीपर्यंत ती माझ्याशी दोनच वाक्यं बोलली, आणि दोन्ही भाजीविषयी.

पुढच्या खेपेला मी फाट्यावरून जवळजवळ पळतच गेलो. मनात माणसं मोजत होतो. अकराची आठ झाली असतील. सहा झाली असतील. खोलीत पाहिलं तर चौदा. वाटीवाली जाऊसुद्धा येऊन बसली होती, दोघी एकाच पाण्याच्या तांब्याशेजारी.

"माफ करा," मी धापा टाकत म्हणालो, "मागच्या वेळी उपासना बुडाली माझ्यामुळं."

"बुडाली?" मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पुन्हा दुसऱ्या दिवशी कोंब फोडलाय. "तुमी आला नाय म्हणून प्रभू आला नाय व्हय? आमी बसलो की. नातीनं शास्त्र वाचलं, मी इचारलं, समद्यांनी सांगितलं. फकस्त तुमचं तेवढं ऱ्हायलंय. बोला, वरडला का?"

ईस्टरनंतरच्या सभेत माझ्याकडे अहवाल मागितला. आयुष्यात पहिल्यांदा मी पंचांच्या सभेत मान डोलावण्याऐवजी तोंड उघडलं. म्हणालो, "त्यांना जोडायची गरज नाही. ते जोडलेलेच आहेत. आम्ही गेलो नाही तरी ते जमतात."  पाळकसाहेब म्हणाले, "मग पुढचा विषय घ्या." पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी मामांना प्रवासाला मोकळं सोडलं. "आता तुम्ही सुटलात, जावईबापू," ते म्हणाले. "गुडघा बरा होईपर्यंतच म्हणाला होतात." मी म्हणालो, "मामा, मी गाडी घेऊन येतो ना, तुम्हाला एसटी नको." खरं कारण ते नव्हतं, आणि त्यांनीही ते विचारलं नाही. चष्म्यावरून फक्त एकदा पाहिलं. पेपर भरून मिळाल्यासारखं.

वस्तीवर मामांचं स्वागत काय सांगू. बायका रडल्या, बाप्यांनी फेटा बांधला. सगळ्यांचं सांगून झालं, वाचन झालं, आणि निघायच्या वेळी मावशी उभ्या राहिल्या.

"मास्तर, एक ठरवलंय आमी. पंधरा दिस लई लांब पडत्यात. पंधरा दिसांत लई चुका व्हत्यात. आता दर रविवारी बसायचं. एक रविवार तुमी दोघं या, एक रविवार मी घेते."

मामा थिजून उभे राहिले. परतताना गाडीत फुलंब्री येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा दुखावला. सव्वीस वर्षांची त्यांची खेप, एका दुपारी निम्मी काढून घेतली. मग एकाएकी त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली.

"लेकाचं! सव्वीस वर्षं मी रोज प्रार्थना करत होतो की मी मेलो तरी हे बंद पडू नये. आणि मी मरायच्या आतच ऐकली की!" आणि ते हसायला लागले, इतके, की चष्मा काढून पुसावा लागला.

पुढच्या रविवारी आम्हाला सुट्टी होती. तीन वाजता मामा आमच्याकडे आले. कपडे प्रवासाचे. खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मी पेपर उलटा धरून वाचत होतो. साडेतीनला म्हणाले, "आत्ता विचारत असतील." चारला म्हणाले, "नातीनं कोणता भाग घेतला असेल?" सव्वाचारला बायकोला दया आली आणि तिनं मावशींना फोन लावला.

"मावशी, सलाम, अहो बाबा विचारताहेत..."

"उपासना चालू हाय," पलीकडून दबका आवाज आला, मागं पोरं गाणं म्हणत होती. "मंग फोन करा." आणि फोन बंद.

मामांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. सव्वीस वर्षांत त्या खोलीतून त्यांना कोणी असं गप्प केलं नव्हतं. ते पाय लांब करून खुर्चीत मागं टेकले, लेकीला म्हणाले, "चहा टाक गं. आणि आज साखर मोजू नकोस," आणि उरलेलं गाणं स्वतःच गुणगुणायला लागले.